उंदीरसुद्धा घर सोडून गेले, मग मालकाचं काय?

इसवी सनापूर्वी 44, एप्रिल महिना. ज्युलियस सीझरचा खून होऊन जेमतेम महिना झालाय आणि सगळं रोम टांगणीला लागलंय. अशा वेळी सिसेरो नावाचा रोममधला सर्वात गाजलेला वकील आपल्या मित्राला, अ‍ॅटिकसला, पत्र लिहितो. राजकारणाच्या गप्पा होतात आणि मधेच एक घरगुती बातमी येते. माझे दोन गाळे कोसळले, बाकीच्यांना तडे गेलेत, आणि भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा सोडून गेले! पुढे तो म्हणतो की या गोष्टीचा मी फारसा ताप करून घेत नाही. आणि त्याहीपुढे, एका ओळखीच्या सावकाराच्या सल्ल्याने असं काही बांधायचं चाललंय की हे नुकसान फायद्यातच जाईल.

मंडळी, याला आपल्याकडे रिडेव्हलपमेंट म्हणतात. :-)

मला हे पत्र भलतंच आवडतं, कारण दोन हजार वर्षांत माणूस किती कमी बदललाय ते त्यात दिसतं. पण ते वाचताना एक प्रश्न डोक्यात राहतोच. त्या गाळ्यांखाली कोणी सापडलं असतं तर? सिसेरोने काय भरपाई दिली असती? आणि मुळात, "घर पडलं, माणूस जखमी झाला" या घटनेत मालकाची जबाबदारी किती, हे कायद्याने कधी आणि कसं ठरवलं? या वीकेंडचा लेख त्यावरच.

आधी रोमचंच संपवू. शेजाऱ्याचं घर आपल्या अंगावर कोसळेल अशी भीती वाटली तर रोमन माणूस न्यायाधिकाऱ्याकडे जाऊ शकत असे. मग त्या घराच्या मालकाला, "नुकसान झालं तर भरून देईन" अशी हमी द्यावी लागे. नाही दिली तर शेजाऱ्याला त्या मालमत्तेचा ताबा मिळण्याची वाट मोकळी होई. झकास ना? म्हणजे अपघात व्हायची वाट बघायची नाही, तडा दिसला की हमी मागायची. पण यात एक मोठी फट होती. आधी हमी मागितली नसेल आणि घर पडलं, तर मालक दगडमातीच्या ढिगाऱ्यावर पाणी सोडून मोकळा होऊ शकत असे. "घ्या तो ढीग तुम्हाला, मी चाललो."

आणि भाडेकरू? अल्फेनस नावाच्या रोमन कायदेपंडिताचं एक मत आजही वाचण्यासारखं आहे. घर पडेल या भीतीने भाडेकरू निघून गेला तर त्याने भाडं द्यायचं का? तो म्हणतो, भीतीला सबळ कारण असेल तर भाडं देणं लागत नाही, मग प्रत्यक्षात धोका नसला तरी चालेल. पण लक्षात घ्या, हा सगळा हिशोब भाड्याचा आहे, मोडलेल्या पायाचा नाही.

आता थेट लंडनला जाऊ, कारण आपला कायदा तिथून आला.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचं तत्त्व अगदी सरळ होतं. घर घेताना बघून घ्यायला काय झालं होतं? 1863 साली एका खटल्यात न्यायाधीश अर्ल यांनी साफ सांगून टाकलं की फसवणूक केली नसेल तर मोडकळीला आलेलं घर भाड्याने देण्याविरुद्ध कुठलाही कायदा नाही. त्या काळात कारखान्यांच्या शहरांत लाखो कामगार अशाच घरांत राहत होते, हे डोळ्यांपुढे आणा म्हणजे या वाक्याचं वजन कळेल.

याचा कळस झाला 1906 साली. एक नवरा-बायको भाड्याच्या घरात राहत होते. स्वयंपाकघराची जमीन खराब झालेली. मालकाच्या माणसाने दुरुस्तीचं वचन दिलं आणि ती केली नाही. बायको त्या जमिनीतून खाली गेली आणि जखमी झाली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. निकाल काय? वचन दिलं होतं नवऱ्याला. करार नवऱ्याशी. बायको त्या करारात कुठेच नाही. सबब, बाईंना दाद नाही!

दिवसभर त्या स्वयंपाकघरात वावरणार कोण, हा प्रश्न कायद्याने विचारलाच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर तक्रार खरी होती, बग खरा होता, पण तिकीट उघडणाऱ्याला अ‍ॅक्सेस नव्हता म्हणून तिकीट क्लोज केलं.

इंग्लंडला हे सुधारायला पन्नास वर्षं लागली. आधी 1957 च्या आणि मग 1972 च्या कायद्याने हे बदललं. दुरुस्तीची जबाबदारी ज्या मालकावर आहे त्याने, त्या दोषामुळे ज्यांना ज्यांना इजा होऊ शकते त्या सगळ्यांची वाजवी काळजी घ्यायची, मग ती बायको असो, पाहुणा असो की शेजारी.

गंमत अशी की रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हाच इंग्लिश कायदा फार आधीपासून कडक होता. 1876 च्या एका खटल्यात लंडनच्या रस्त्यावर एका घराबाहेरचा मोठा दिवा वाटसरू बाईंच्या अंगावर पडला होता. घर ज्याच्या ताब्यात होतं त्याने तो दुरुस्त करायला माणूस लावला होता, तरीही तोच जबाबदार ठरला. 1940 मध्ये तर एका खटल्यात म्हटलं गेलं की रस्त्यालगतच्या इमारतीची दुरुस्ती ज्याच्याकडे आहे त्याने ती केली नाही आणि ती पडली, तर दोष त्याला माहीत होता की नव्हता हा प्रश्नच येत नाही. म्हणजे बघा, भिंत बाहेर पडली तर मालक अडकणार, आणि तीच भिंत आत, भाडेकरूच्या अंगावर पडली तर "तुम्ही बघून घेतलं होतं ना?"

हा बाहेरचा कडक नियम आपल्याकडे आला तो दिल्लीच्या चांदणी चौकात.

टाउन हॉलसमोर तिथे एक घंटाघर होतं. सुमारे 80 वर्षं जुनं, मालकी नगरपालिकेची. एके दिवशी ते भर बाजारात कोसळलं आणि माणसं मेली. मृतांच्या कुटुंबीयांनी दावे लावले. पालिकेचा बचाव असा होता की दोष आतला होता, बाहेरून दिसत नव्हता, मग आम्ही काय करणार? प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं आणि 1966 साली निकाल लागला. साक्षीत असं आलं होतं की ज्या प्रकारच्या चुन्याने ते बांधलं होतं त्याचं आयुष्य फार तर 40 ते 45 वर्षं. म्हणजे एक्स्पायरी डेटच्या दुप्पट वय! कोर्ट म्हणालं, इतकं जुनं बांधकाम रस्त्याला लागून उभं आहे तर ते वेळोवेळी तपासणं हे मालकाचं कर्तव्यच होतं. दोष दिसत होता की लपलेला होता याने फरक पडत नाही. आणि अशी इमारत पडते तेव्हा ती घटना स्वतःच बोलते. निष्काळजीपणा झाला हे मृताच्या बायकोने सिद्ध करत बसायचं नाही, झाला नाही हे मालकाने दाखवायचं.

मला हा निकाल फार मोठा वाटतो. कारण घराची तपासणी कधी केली, कोणी केली, अहवाल काय होता, हे सगळे कागद मालकाच्या कपाटात असतात. जखमी माणसाकडे फक्त एक्स-रे असतो.

आता मुंबईकडे येऊ. खरी गुंतागुंत इथे आहे.

1896 च्या प्लेगने मुंबईतल्या दाटीवाटीच्या चाळींची अवस्था जगासमोर आली आणि 1898 मध्ये सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा 1918 मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. आणि मग आला तो प्रसिद्ध 1947 चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट. यात भाडं बांधलं गेलं 1 सप्टेंबर 1940 या तारखेच्या दराला. उद्देश चांगलाच होता. युद्ध, फाळणी, शहरात येणारे लोंढे, आणि घरमालक म्हणेल ते भाडं. गिरणी कामगाराला आणि कारकुनाला त्या कायद्यानेच शहरात तगवलं, हे विसरून चालणार नाही.

पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. (प्रॉडक्शनमध्ये टाकलेला टेम्पररी फिक्स म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.) शेवटी डिसेंबर 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय. त्यातून 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, जो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वर्षाला 4 टक्के वाढीची सोय झाली, आणि पागडीलाही मान्यता मिळाली.

आता यातला दुरुस्तीचा भाग बघा. याच कायद्याचं कलम 14 म्हणतं की जागा राहण्यालायक ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी, तरी मालक हलला नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. कागदावर फर्स्टक्लास. पण खाली मर्यादा आहे. एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येणार नाही.

जरा गणित करू. समजा, चाळीतल्या एका खोलीचं भाडं 60 रुपये. वर्षाचे झाले 720, एक चतुर्थांश म्हणजे 180 रुपये. एवढ्यात सिमेंटची एक गोणी येत नाही! आता मालकाच्या बाजूने बघा. 24 खोल्या, महिन्याला 1,440, वर्षाला 17,280 रुपये. यात जिन्याची सडलेली तुळई बदलायची, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं, मागच्या बाजूच्या मोऱ्यांचे पाइप बदलायचे? तो करणारच नाही. आणि मनातून त्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. इमारत उभी असताना तिची किंमत काही नाही, पण मोकळ्या जमिनीची किंमत कोट्यवधी आहे. सिसेरोला उगाच काळजी नव्हती असं वाटत नाही तुम्हाला?

इमारती मात्र आपल्या गतीने म्हाताऱ्या होत राहिल्या. जुन्या चाळी म्हणजे लाकडी सांगाडा, विटा आणि चुना. मुंबईचा पाऊस आणि मोरीतलं झिरपणारं पाणी लाकूड आतून पोखरतं. नंतरच्या आरसीसी इमारतींत ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणजे घर एकदम पडत नाही. आधी ओल, मग पोपडे, मग तडा, मग टेकू. मुंबईत टेकूवर उभ्या असलेल्या चाळी बघितल्या नाहीत असा माणूस नसेल.

1960 च्या दशकात पडझड इतकी वाढली की सरकारने बेडेकर समिती नेमली आणि 1969 मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. बेट-शहरातल्या 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मंडळाने मूळ सांगाड्याची दुरुस्ती करायची. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या 19,642. पुढे हे मंडळ म्हाडात गेलं. आज त्यातल्या तेरा हजारांच्या आसपास शिल्लक आहेत, आणि सर्वात तरुण इमारतसुद्धा पन्नाशी ओलांडून गेलीय.

म्हणजे काय झालं? मालकाने करायचं काम सरकारी मंडळाकडे आलं, धोकादायक इमारतीला नोटीस द्यायचं काम महापालिकेकडे राहिलं (1888 च्या पालिका कायद्याचं कलम 354), आणि मालकी मालकाकडेच. एका तिकिटाचे तीन ओनर! ऑफिसात अशा तिकिटाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. जुलै 2019 मध्ये डोंगरीत इमारत कोसळली तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच, पडलेला भाग आमच्या यादीतला नाहीच, असा खुलासा म्हाडाने केला. ऑगस्ट 2017 मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली आणि 33 माणसं गेली. ती धोकादायक ठरवून काही वर्षं झाली होती. आणि सप्टेंबर 2013 मध्ये डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली, 61 माणसं गेली. ती इमारत कोणाची होती? खुद्द महापालिकेची. राहत होते पालिकेचेच कर्मचारी. घंटाघराच्या निकालाला तेव्हा 47 वर्षं झाली होती.

"मग लोक बाहेर का पडत नाहीत?" असं आपण सहज विचारतो. कारण बाहेर पडलं की खोली गेली. संक्रमण शिबिरात टाकलेली माणसं वर्षानुवर्षं परत येत नाहीत, हे प्रत्येक चाळकऱ्याने शेजारच्या इमारतीत बघितलेलं असतं. नोटिशीवर सही करणं म्हणजे हक्कावर पाणी सोडणं, अशी त्याची भीती. अल्फेनसने भीती वाटली तर भाडं माफ केलं होतं. मुंबईच्या भाडेकरूला छत पडण्याची भीती आहेच, पण छत जाण्याची भीती त्याहून मोठी आहे.

आणि शिक्षा? 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 288 होतं. इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना ती पडून जीव जाऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1860 मध्ये हजार रुपये म्हणजे छाती दडपणारी रक्कम होती. पण तो आकडा हललाच नाही! 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली तेव्हा कलम 290 मध्ये तो 5,000 रुपये झाला. भाडं 1940 मध्ये गोठलं म्हणून मालकांनी एवढी ओरड केली, दंड 1860 मध्ये गोठला त्याबद्दल कोणी ओरडलं नाही. माणूस मेला तर निष्काळजीपणाने मृत्यूचं किंवा सदोष मनुष्यवधाचं कलम लागतं हे खरं, पण ते माणूस मेल्यावर.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, आपण कुठे चाळीत राहतो? आपण तर टू बीएचके, अकरा महिन्यांचा करार, बिल्डिंगला लिफ्ट, खाली सिक्युरिटी.

तिथेच मेख आहे. आपण बहुतेक जण कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो! आपला करार असतो लीव्ह अँड लायसन्स. आपण लायसन्सी. कलम 14 मधलं ते मालकावरचं बंधन भाडेकरूसाठी आहे. (आणि तिथेही "उलट करार नसेल तर" अशी मेख आहेच.) आपल्याला आधार आहे तो 1882 च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टचा. त्याचं कलम 57 म्हणतं की जागेत जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक असा दोष आहे, तो मालकाला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. बस. सांगणं. दुरुस्त करणं हे त्यात येत नाही, ते करारात लिहिलेलं असेल तरच.

पुण्यात मी भाड्याने राहत होतो तिथे एका पावसाळ्यात बाथरूमच्या छताचा परातीएवढा गिलावा खाली आला. सुदैवाने आत कोणी नव्हतं. मालक परदेशी, एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "सर, वरच्या फ्लॅटचं लीकेज आहे, त्यांना सांगा." वरचे काका म्हणाले, "सोसायटीचं काम आहे." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही मेंबर नाही, मालकांना पत्र द्यायला सांगा." मालकांचं उत्तर पाच दिवसांनी ईमेलने आलं, एका ओळीचं. करारातलं कलम बघा. बघितलं. "सर्व दुरुस्त्या लायसन्सीने स्वखर्चाने करायच्या." सही माझी होती आणि दीड महिन्यात दुसरं घर शोधलं हे त्याचं तात्पर्य. पण ती साखळी मात्र डोक्यात राहिली. कारण तीच साखळी, म्हाडा आणि पालिका यांची नावं घालून, डोंगरीत दिसते.

तेव्हा पुढच्या करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, सांगाड्याची आणि गळतीची दुरुस्ती कोणाकडे, ते स्पष्ट लिहून घ्या. "सर्व दुरुस्त्या" हा शब्द खोडायला लावा, फार तर नळ आणि बल्ब तुमच्याकडे ठेवा. दोन, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, 1999 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. तीन, तडा दिसला की फोनवर बोलू नका, लेखी कळवा, फोटो आणि तारखेसकट. घंटाघराच्या निकालाने मालकाला "माहीत नव्हतं" म्हणण्याची सोय ठेवली नाही, पण तो निकाल रस्त्यालगतच्या इमारतीचा आणि वाटसरूंचा होता. घराच्या आत तुमचा ईमेल हाच पुरावा.

आणि ज्यांनी होम लोन काढून फ्लॅट घेतलाय आणि आता तो भाड्याने दिलाय, त्यांच्यासाठी. मंडळी, या गोष्टीतले घरमालक आता आपण आहोत! सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. वार्षिक सभेत हा विषय निघाला की "खर्च किती?" म्हणून तो पुढे ढकलणारे आपणच असतो. नव्या इमारतीत सांगाड्याचा दोष निघाला तर रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बिल्डर बांधील आहे. सहाव्या वर्षापासून कोण, याचं उत्तर आरशात आहे.

1855 पासून आपल्याकडे एक कायदा आहे, ज्याखाली दुसऱ्याच्या चुकीने मेलेल्या माणसाचं कुटुंब भरपाई मागू शकतं. त्याची मुदत आहे दोन वर्षं. ज्याच्या घराचा कर्ता माणूस ढिगाऱ्याखाली गेलाय, ज्याचं रेशनकार्डसुद्धा त्याच ढिगाऱ्यात आहे, त्याने दोन वर्षांत वकील गाठून, मालक कोण ते शोधून दावा लावायचा. बहुतेक जण लावत नाहीत. सरकार जाहीर करतं तो मदतीचा चेक घेतात आणि नव्या जागेच्या शोधाला लागतात.

असो. लेख फारच लांबला. तुमच्या करारात दुरुस्तीचं कलम काय आहे ते आज काढून बघा, आणि कोणी ते बदलून घेण्यात यशस्वी झालं असेल तर कसं केलं ते जरूर लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.